दोन वर्षं आधी

भोपाळच्या पूर्वेला आमचं बरखेडा, भेलची वसाहत. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, भदभद्याला, सरकारी वीर्य केंद्र आहे. जातिवंत वळूंचं वीर्य तिथं बारीक नळ्यांमध्ये भरून गोठवतात आणि गावोगावच्या गायी-म्हशींसाठी पाठवतात. वीर्य पातळ करताना त्यात पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन यांसारखी औषधं घालायचा रिवाज जगभर आहे, जंतू वाढू नयेत म्हणून. पण वळूच्या वीर्यात जंतू मारणारा एक पदार्थ मुळातच असतो. आणि तो सापडला तो आपल्याच देशात, हैदराबादला.

१९७९ साली ‘नेचर’ या इंग्लंडच्या साप्ताहिकात रेड्डी आणि पुष्प मित्र भार्गव यांचा निबंध आला. भार्गव म्हणजे हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेचे संस्थापक. वीर्यातले शुक्राणू बाजूला काढले की जो द्रव उरतो, त्यातून या मंडळींनी एक लहानसं प्रथिन वेगळं केलं आणि त्याला ‘सेमिनलप्लाझ्मिन’ नाव दिलं. लहानसं म्हणजे किती, तर अवघ्या ४७ अमिनो आम्लांची माळ. इन्सुलिनपेक्षाही छोटी. एवढी छोटी माळ ई. कोलाय जंतूंची वाढ बंद पाडत होती.

आता सर्वसाधारण इतिहास काय सांगतो ते बघा. फ्लेमिंगला पेनिसिलिनच्या आधी, १९२२ मध्ये, नाकातल्या शेंबडात आणि अश्रूंत लायसोझाइम सापडलं होतं. पुढे पेनिसिलिन आलं आणि शेंबडाकडे कोण बघतो! साठच्या दशकात अमेरिकेत झेया आणि स्पिट्झनागेल यांनी पांढऱ्या पेशींमधली जंतुनाशक प्रथिनं दाखवली. तीही मागे पडली. मग १९८१ मध्ये स्वीडनच्या हान्स बोमन यांनी एका अमेरिकी रेशीमपतंगाच्या कोशांत जंतू टोचले आणि त्यांच्या रक्तातून ‘सिक्रोपिन’ काढलं. (मी रेशीम नेसत नाही, पण हा भाग गाळून इतिहास सांगता येत नाही.) १९८५ मध्ये माणसाच्या पांढऱ्या पेशींतली डिफेन्सिन्स, १९८७ मध्ये बेडकाच्या कातडीतलं मॅगेनिन. विषयाची सुरुवात बहुतेक ठिकाणी १९८१ पासून धरतात. हैदराबाद त्याच्या दोन वर्षं आधीचं.

मग नाव मागे का पडलं? परदेशी लोकांनी डावललं म्हणणं सोपं आहे, पण मला ते पुरतं पटत नाही. बोमन यांचा प्रश्न होता: प्राणी स्वतःला जंतूंपासून वाचवतो कसा? हैदराबादचा प्रश्न होता: हे प्रथिन जंतूच्या आत नेमकं काय अडवतं? त्यांचं उत्तर होतं, रायबोसोमच्या आरएनएची घडण. उत्तर चांगलंच होतं, पण ते वाचून कुणाला जन्मजात प्रतिकारशक्ती आठवणार नाही. प्रश्न जसा विचाराल तशा कप्प्यात शोध जाऊन पडतो. त्यात भर म्हणजे अमेरिकेत दुसऱ्या गटाला वळूच्या वीर्यातच शुक्राणूत कॅल्शियम शिरू न देणारं प्रथिन मिळालं, त्याचं नाव ‘कॅल्ट्रिन’. ही दोन्ही एकच आहेत, हे १९८६ मध्ये हैदराबादच्याच लोकांनी दाखवलं. एका पदार्थाला दोन नावं, दोन कामं आणि दोन वेगवेगळे वाचक!

काम मात्र थांबलं नव्हतं. १९८७ च्या निबंधात भार्गवांबरोबर चिटणीस हे आपल्याकडचं आडनाव दिसतं. हे प्रथिन जंतूला नुसतं रोखत नाही, फोडतं, असं त्यात आहे. आज अशी पेप्टाइडं हजारोंनी माहीत आहेत. त्यांचा एक मोठा संग्रह मुंबईत परळच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेनं केला, २०१० मध्ये तो जगासाठी खुला झाला. त्याचं नाव ‘कॅम्प’.

तरीही दुकानात यांची बाटली का मिळत नाही, याचं उत्तरही हैदराबादच्या कामातच सापडतं. या माळा बहुधा धन भाराच्या असतात. जंतूच्या आवरणावर ऋण भार, म्हणून त्या तिथं जाऊन चिकटतात आणि आवरण विस्कटतात. आपल्या पेशींचं बाहेरचं आवरण बरंचसं भाररहित, शिवाय त्यात कोलेस्टेरॉल, म्हणून आपण वाचतो. पण हे वाचणं फार नाजूक आहे. अख्खं सेमिनलप्लाझ्मिन तांबड्या पेशींना धक्का लावत नाही. १९९० मध्ये सीताराम आणि नागराज यांनी त्याचा फक्त १३ अमिनो आम्लांचा, पाण्यापासून दूर राहणारा तुकडा प्रयोगशाळेत बनवला. त्या तुकड्यानं जंतू मारले आणि तांबड्या पेशीही फोडल्या. नसेत टोचायचं औषध म्हणून तो कामाचा नाही, हे उघड आहे.

दोन वर्षांनी त्याच गटानं त्या तुकड्यातला एकच मणी बदलला. ग्लुटामिक आम्ल काढून तिथं लायसिन घातलं, म्हणजे ऋण जाऊन धन आलं. जंतू मारायची ताकद वाढली. तांबड्या पेशी फोडणं वाढलं नाही. पण थांबलंही नाही.