पाठीतला धपाटा आणि डॉक्टर हाइमलिक

न्यूयॉर्कच्या हॉटेलांत भिंतीवर एक चित्र असते, कायद्यानेच लावावे लागते. घास अडकलेल्या माणसाला काय करायचे, ते त्यात दाखवलेले असते: त्याला मागून मिठी मारायची आणि पोट दाबायचे. "कोणीतरी आठवण काढली" म्हणत पाठीत धपाटा घालणाऱ्या आपल्या लोकांना हे जरा विचित्रच वाटेल. गंमत म्हणजे हा धपाटा अमेरिकेत वीसेक वर्षे हद्दपार होता!

आधी मुळात घास अडकतो का ते पाहू. श्वासनलिका पुढे आणि अन्ननलिका मागे. हवा नाकामागून येऊन पुढच्या नळीत जाते, घास तोंडातून येऊन मागच्या नळीत जातो. म्हणजे घशात चक्क चौक आहे! एखाद्या इंजिनिअरने असा नकाशा काढला असता तर साहेबाने तोंडावर फेकला असता. ही विचित्र रचना डार्विननेही १८५९ च्या आपल्या ग्रंथात नोंदवली आहे.

चौक आहे म्हणजे सिग्नल हवा. कंठमणीवर बोट ठेवून आवंढा गिळून बघा, तो वर सरकेल. त्याच वेळी स्वरयंत्र वर आणि पुढे जाते, स्वररज्जू मिटतात, वर कूर्चेचे झाकण पडते आणि श्वास अर्धा-एक सेकंद थांबतो. बहुतेक वेळा आपण श्वास सोडता सोडता गिळतो आणि गिळून झाल्यावर उरलेला श्वास सोडतो. त्यामुळे मागे राहिलेला कण बाहेरच ढकलला जातो. पण तोंडात घास असताना हसू फुटले आणि दचकून श्वास आत घेतला, की सगळे उलटे. जेवताना बोलू नये हे आजीचे म्हणणे शास्त्रशुद्धच होते म्हणायचे.

१९६३ साली फ्लोरिडातल्या रॉजर हॉगेन या डॉक्टरांनी हॉटेलात जेवताना अचानक मेलेल्या नऊ जणांबद्दल लिहिले. सगळ्यांना वाटले होते हार्ट अटॅक. शवविच्छेदनात घशात निघाले मांसाचे मोठे तुकडे. घास पूर्ण अडकला की आवाजच फुटत नाही, त्यामुळे शेजारच्यालाही कळत नाही.

सिनसिनाटीचे सर्जन हेन्री हाइमलिक यांनी यावर डोके चालवले. श्वास सोडल्यावरही फुफ्फुसांत बरीच हवा उरते. बरगड्यांखाली झटका दिला की पडदा वर जातो आणि ती हवा घासाला बुचासारखे उडवते. भूल दिलेल्या कुत्र्यांवर प्रयोग करून त्यांनी जून १९७४ मध्ये लेख लिहिला. वर्तमानपत्रांनी तो उचलला आणि जीव वाचल्याच्या बातम्या येऊ लागल्या. १९७६ मध्ये रेगन (तेव्हा ते राष्ट्राध्यक्ष व्हायचे होते) विमानात शेंगदाण्याने गुदमरले, त्यांनाही असेच वाचवले.

इथवर सगळे छान. पण हाइमलिकना धपाटा नकोच होता. त्याने घास आणखी खाली जातो, धपाटा म्हणजे मृत्यूच, असा त्यांचा प्रचार. १९८२ च्या येल विद्यापीठातल्या एका अभ्यासाचा त्यांना आधार मिळाला, ज्याला थोडा पैसा त्यांच्याच संस्थेने पुरवला होता. १९८५ मध्ये सर्जन जनरल कूप यांनी धपाटा घातक ठरवला. एका माणसाचा हट्ट राष्ट्रीय धोरण झाला! माझ्या मते उपाय उत्तम होता, पण दुसरा उपाय वाईट असल्याचा पुरावा मात्र तोकडा होता. पुढे बुडालेल्यांनाही हाच उपाय करा असे ते सांगू लागले, ते तर वैद्यकाने सरळ नाकारले.

युरोपात मात्र धपाटे चालूच होते. ऑस्ट्रेलियात तर आजही पोट दाबायला सांगत नाहीत. धपाटे आणि छातीवर दाब. २००६ च्या सुमारास अमेरिकन रेड क्रॉसने पाच धपाटे आणि पाच झटके परत आणले, आणि २०२५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननेही तेच स्वीकारले. हाइमलिक २०१६ च्या डिसेंबरात ९६ व्या वर्षी गेले. त्याच मे महिन्यात वृद्धाश्रमात शेजारी जेवणाऱ्या बाईंना त्यांनी स्वतःच्या हातांनी वाचवले होते.

तेव्हा मंडळी, माणूस खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच बंद झाला तर मदतीला हाक मारा, त्याला पुढे वाकवून खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार धपाटे, मग बेंबीच्या जरा वर पाच झटके, आळीपाळीने. वर्षाच्या आतल्या बाळाचे पोट मात्र कधीही दाबायचे नाही: डोके खाली धरून पाठीवर पाच, मग छातीवर पाच.