बाह्य प्रक्रियांवरील देखरेख : युनिक्स ते पायथॉन – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
एका संगणकीय आज्ञावलीतून दुसरी आज्ञावली सुरू करणे सोपे असते. ती चालू आहे की संपली आणि यशस्वी झाली की नाही, हे जाणणे अवघड असते. या देखरेखीची साधने पायथॉन भाषेत कशी विकसित झाली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

युनिक्सचा वारसा :
या प्रश्नाचे मूळ अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्स प्रणालीत आहे. तेथे जनक प्रक्रिया ‘फोर्क’द्वारे बालक प्रक्रिया निर्माण करते. बालक संपले तरी जनकाने ‘वेट’द्वारे विचारणा करेपर्यंत त्याची नोंद शिल्लक राहते, अशा प्रक्रियेस ‘झॉम्बी’ म्हणतात. १९७३ मध्ये डग्लस मॅकिलरॉय यांच्या कल्पनेनुसार केन थॉम्पसन यांनी ‘पाइप’ची जोड दिली व एका प्रक्रियेचे आउटपुट दुसरीस मिळू लागले.

पायथॉनमधील स्थित्यंतर :
गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसृत केलेल्या पायथॉनमध्ये या कामासाठी कालांतराने ‘सिस्टीम’, ‘स्पॉन’, ‘पोपेन२’ अशी अनेक साधने जमा झाली. त्यांच्या जागी एकच साधन असावे, असा प्रस्ताव पीटर ऑस्ट्रँड यांनी २००३ मध्ये मांडला. त्यानुसार २००४ मध्ये पायथॉन २.४ सोबत ‘सबप्रोसेस’ हे मोड्यूल आले. त्यातील ‘पोल’ न थांबता स्थिती सांगते, तर ‘वेट’ बालक संपेपर्यंत थांबते.

मात्र येथेच एक धोका संभवतो. पाइपची क्षमता मर्यादित असते. लिनक्सवर ती सामान्यतः ६४ किलोबाइट आहे. पाइप भरला की बालक लिहिताना अडते. त्याच वेळी जनक आउटपुट न वाचता ‘वेट’ करीत असेल, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत कायमचे खोळंबतात. ‘कम्युनिकेट’ हे आउटपुट वाचत राहून ही कोंडी टाळते. त्यानंतर २०१२ मध्ये पायथॉन ३.३ ने प्रतीक्षेला कालमर्यादा दिली. २०१४ मध्ये पायथॉन ३.४ मधील ‘असिंकआयओ’मुळे अनेक प्रक्रियांवर एकाच वेळी लक्ष ठेवणे सुलभ झाले.

निष्कर्ष :
कोंडीत सापडलेल्या बालकाविषयीही ‘पोल’ ते चालू असल्याचेच कळविते. प्रक्रिया जिवंत असणे म्हणजे काम पुढे सरकत असणे नव्हे. म्हणूनच स्थितीची विचारणा, आउटपुटचे वाचन आणि कालमर्यादा या तिन्हींची सांगड घातल्याखेरीज देखरेख पूर्ण होत नाही, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.