जत्रेला कुंपण पडले तेव्हा

उन्हाळ्याची सुटी लागली की मुलाबाळांसह एखाद्या भव्य मनोरंजन-उद्यानात दिवस घालवावा, ही प्रथा आज देशोदेशी रूढ झाली आहे. मुंबईजवळ गोराईस १९८९ साली एस्सेल वर्ल्ड सुरू झाले, २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका उघडले, आणि मराठी कुटुंबांनाही ती परिचयाची झाली. ही उद्याने म्हणजे यंत्रयुगाचे अपत्य. देवधर्माशी त्यांचा काडीचाही संबंध नाही, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास पाहू जाता मात्र निराळेच चित्र दिसते. या उद्यानांचे मूळ जत्रेत आहे. त्या जत्रेला कुंपण पडले तेव्हा तिने काय गमावले व काय मिळवले, हा प्रश्न आपल्या देवस्थानांच्या दृष्टीनेही विचार करण्याजोगा आहे.

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन हिच्या उत्तरेस बाकेन नावाचे उद्यान आहे. जगातील सर्वांत जुने मनोरंजन-उद्यान म्हणून ते ओळखले जाते. परंपरा अशी सांगते की, १५८३ साली तेथील रानात एका झऱ्याचा शोध लागला. त्याचे पाणी रोगहारक आहे अशी श्रद्धा पसरली आणि लोकांची रीघ लागली. यात्रेकरू आले तेथे खाऊवाले आले. त्यांच्या मागोमाग कसरती करणारे, बाहुल्या नाचविणारे आले. तीर्थ आधी, हाट मागून आणि खेळ त्याच्याही मागून, हा क्रम आपणांस नवा नाही. झऱ्याची महती पुढे ओसरली, खेळ तेवढे उरले. तथापि जत्रेचा एक गुण बाकेनने सोडला नाही. तेथे आत जाण्यास आजही पैसे पडत नाहीत. पाळण्यात बसावयाचे असेल तर तेवढेच मोल द्यावे लागते.

या कथेचा दुसरा अध्याय अमेरिकेत घडला. १८९३ साली शिकागो येथे जागतिक प्रदर्शन भरले. स्वामी विवेकानंदांनी ११ सप्टेंबर रोजी ज्या सर्वधर्मपरिषदेत आपले पहिले भाषण केले, ती परिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. परिषदेच्या सभागृहापासून काही मैल दक्षिणेस, त्याच दिवसांत, जॉर्ज फेरिस या अभियंत्याने उभारलेला २६४ फूट उंचीचा आकाशपाळणा फिरत होता. त्याला ३६ डबे होते आणि एका वेळी दोन हजारांहून अधिक माणसे त्यांत मावत. दोन फेऱ्यांचे भाडे पन्नास सेंट. म्हणजे सबंध प्रदर्शन पाहण्यास मोठ्या माणसाला जेवढे तिकीट पडे तेवढेच. एकाच प्रदर्शनाने जगाला एकीकडे धर्मसंवाद दाखविला आणि दुसरीकडे करमणुकीचा अवाढव्य बाजार दाखविला. प्रदर्शनाच्या बांधकामावर एलायस डिस्ने नावाचा एक गृहस्थ सुतारकाम करीत होता. त्याचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड या समुद्रकिनाऱ्यावर त्या काळी मोकळी जत्रा असे. तिच्यात जुगारी, मद्यपी आणि खिसेकापू यांचाही सुळसुळाट असे. १८९५ साली पॉल बॉयटन याने तेथे कुंपण घातलेले, तिकिटाचे उद्यान काढले. दोन वर्षांनी जॉर्ज टिल्यू याने तोच मार्ग धरला. कुंपणामुळे गुंडगिरीला आळा बसला आणि बायकामुले निर्धास्तपणे येऊ लागली, हे मान्य केले पाहिजे. परंतु कुंपण एकदा उभे राहिले म्हणजे कोणाला बाहेर ठेवावयाचे हे ठरविण्याचा अधिकार मालकाच्या हाती जातो. अमेरिकेतील अनेक उद्यानांनी तो कृष्णवर्णीयांविरुद्ध वापरला. वॉशिंग्टनजवळच्या ग्लेन एको उद्यानापुढे १९६० च्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांनी व शेजारच्या रहिवाशांनी निदर्शने केली, तेव्हा कोठे १९६१ साली त्याचे दार सर्वांना उघडले. आपणही याबाबत निर्दोष नव्हतो. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले, हे विसरून चालणार नाही.

एलायसचा मुलगा वॉल्ट डिस्ने हा सुट्टीच्या दिवशी आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये नेत असे. मुली लाकडी घोड्यांवर बसून गोल फिरत आणि बाप बाकावर शेंगदाणे खात त्यांची वाट पाही. आईबाप आणि मुले यांना एकत्र आनंद घेता येईल अशी जागा का असू नये, या विचारातून डिस्नेलँडचा जन्म झाला, असे तो सांगत असे. १९५१ साली त्याने कोपनहेगनचे १८४३ मध्ये उघडलेले तिवोली उद्यान पाहिले आणि तेथील स्वच्छतेने तो प्रभावित झाला. पुढे अनाहाइम येथील १६० एकर जमिनीवरची संत्र्यांची झाडे काढून, सुमारे एका वर्षात आणि १ कोटी ७० लाख डॉलर खर्चून, त्याने आपले उद्यान उभारले. भोवती मातीचा उंच बांध, प्रवेशाला एकच द्वार, पुढे सरळ राजमार्ग आणि त्याच्या टोकाशी उंच शिखरांचा वाडा, अशी त्याची रचना आहे. महाद्वारातून आत शिरताच शिखराचे दर्शन घडविणारी आपली देवालये पाहिलेल्या माणसास ती अपरिचित वाटणार नाही.

१७ जुलै १९५५ रोजी उद्घाटन झाले, ते मात्र फजितीचे ठरले. बनावट निमंत्रणपत्रांमुळे अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक, सुमारे २८,००० माणसे आत शिरली. ऊन इतके कडक होते की नवे डांबर मऊ होऊन स्त्रियांच्या पादत्राणांच्या टाचा त्यात रुतू लागल्या. नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळे पिण्याचे पाणी व शौचालये ही दोन्ही कामे वेळेवर पुरी होईनात. तेव्हा शौचालयांना अग्रक्रम मिळाला आणि लोक तहानेने व्याकुळ झाले. परंतु या फजितीतून व्यवस्थापकांनी धडा घेतला. शिस्तीच्या रांगा, येण्याच्या व जाण्याच्या वेगळ्या वाटा, अखंड झाडलोट आणि गर्दीचा आगाऊ अंदाज, यांचे त्यांनी जणू शास्त्रच बनविले.

या व्यवस्थेची किंमत मात्र वाढत गेली. १९५५ साली मोठ्या माणसास प्रवेशशुल्क एक डॉलर होते. खेळांचे पैसे वेगळे पडत. १९८२ पासून एकाच तिकिटात सर्व काही मिळू लागले. आज सर्वाधिक गर्दीच्या दिवशी एका माणसाचे तिकीट दोनशे डॉलरांच्या पुढे गेले आहे. महागाई जमेस धरली तर त्या वेळचा एक डॉलर आजच्या सुमारे बारा डॉलरांबरोबर होतो. ज्या कुटुंबासाठी हे उद्यान निर्माण झाले, त्यांतील पुष्कळांना आता दाराबाहेरच थांबावे लागते.

आपल्या जत्रांनी यापासून काय घ्यावे? पितापुत्रांनी एकत्र आनंद करण्यासाठी डिस्नेला जे निर्माण करावे लागले, ते आपल्याकडे कधी तुटलेच नव्हते. पालखीपुढे आजोबा आणि नातू एकत्रच चालतात. रात्रीचे दशावतारी नाटक सारे घर एका चटईवर बसून पाहते. खाज्याची पुडी बांधून घेणाऱ्याला कोणी तिकीट विचारीत नाही. हे धन अमोल आहे. परंतु २००५ च्या जानेवारीत मांढरदेवीच्या यात्रेत शेकडो भाविक प्राणांस मुकले. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावास श्रीलईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविक मृत्युमुखी पडले. अशा वेळी दैवाकडे बोट दाखविणे उचित नव्हे. वाट रुंद करणे, येणारा व जाणारा प्रवाह वेगळा ठेवणे, पाणपोई व शौचालये दोन्ही पुरेशी सिद्ध ठेवणे, ही कामे मनुष्याची आहेत आणि देवस्थान-समित्यांची आहेत. ज्यांनी जत्रेला कुंपण घातले त्यांनी गर्दीची काळजी घेण्याची विद्या साध्य केली. ती विद्या आपण अवश्य घ्यावी. कुंपण मात्र त्यांच्यापाशीच राहू द्यावे.