रिबीन राहून गेलेली मुलगी

मागच्या उन्हाळ्यात लेकीकडे लंडनला गेले होते. ब्रिटिश म्युझियम बघायचंच, हा माझा हट्ट. जावई म्हणाले, "आई, आधी ममी बघू या." म्हटलं, ममी नंतर, आधी मला ऊर बघायचंय. शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. मेसोपोटेमियाचा विषय निघाला की पोर्शन मागे पडला तरी चालेल, पण ऊरच्या राजदफनभूमीसाठी मी एक अख्खा तास काढायचेच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ऊर हे दक्षिण इराकमधलं जुनं सुमेरियन शहर. लिओनार्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ अशी बारा वर्षं तिथे उत्खनन केलं. पहिल्याच हंगामात सोन्याचे मणी हाती लागले, तरी मजुरांचा हात अजून बसलेला नाही म्हणून या गृहस्थांनी त्या जागेचं खोदकाम चार वर्षं लांबणीवर टाकलं! सोनं दिसत असताना थांबणारा माणूस विरळाच. पुढे सुमारे १८५० कबरी निघाल्या. त्यातल्या सोळांना त्यांनी राजेशाही कबरी म्हटलं. काळ साधारण इ.स.पू. २५००च्या आसपासचा.

त्यातली एक पुआबी राणीची, न लुटलेली. (तेव्हा तिचं नाव शुबाद असं वाचलं गेलं होतं.) जानेवारी १९२८मध्ये वूलींनी ही बातमी तारेने कळवली, ती चक्क लॅटिनमध्ये. वाटेत तारवाल्यांना कळून बोभाटा नको म्हणून! पण असल्या गोष्टी लपतात थोड्याच? १९२२मध्ये सापडलेल्या तुतनखामेनने लोकांना चटक लावलेलीच होती. वर्तमानपत्रांत चित्रं झळकली. खुद्द अगाथा ख्रिस्ती त्याच वर्षी ऊर बघायला गेल्या, १९३०मध्ये पुन्हा गेल्या, आणि तिथे भेटलेल्या तरुण पुरातत्त्वज्ञाशी, मॅक्स मॅलोवनशी, त्यांनी लग्नही केलं. असो.

पुआबीच्या डोक्यावर सोन्याच्या पानांचे थरावर थर होते. अंगावर मण्यांची झूलच म्हणा ना. निळा लाजवर्द आलेला अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून, आणि तांबड्या कार्नेलियनचे काही मणी तर सिंधू संस्कृतीच्या मुलखातून, आपल्या गुजरातच्या बाजूने. हे सांगितलं की वर्गातली मुलं ताठ बसायची.

मग मी 'मृत्यूच्या मोठ्या खड्ड्या'कडे वळायचे. एका खड्ड्यात ७४ माणसं, त्यातल्या ६८ बायका, सगळ्या नटलेल्या, ओळीने निजलेल्या. शेजारी पेले. वूलींनी तर्क केला तो असा की, ही मंडळी आपल्या पायांनी खाली उतरली, विष प्यायली आणि शांतपणे आडवी झाली. एका मुलीच्या केसांत मात्र चांदीची रिबीन नव्हती. ती तिच्या कमरेपाशी गुंडाळी केलेली सापडली. वूली म्हणतात, तिला उशीर झाला असावा, बांधायला वेळच मिळाला नसेल, तशीच खिशात राहिली. इथे मी थांबायचे. समोर दोन वेण्या आणि तांबड्या रिबिनी घातलेल्या मुली बसलेल्या असायच्या. वर्ग अगदी चिडीचूप व्हायचा, आणि खरं सांगते, मला ते आवडायचं.

१९८९च्या सुमाराची गोष्ट. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, पण त्यांना कुणी विचारलं होतं का?" मी म्हटलं, त्या काळी तशी श्रद्धाच होती, खाली बस. सहल थेऊरला गेली की माधवराव पेशव्यांमागे १७७२मध्ये रमाबाई सती गेल्या, हेही मी याच सुरात सांगायचे.

निवृत्तीनंतर नातवाने इंटरनेट शिकवलं आणि एके दिवशी वाचनात आलं की अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयातल्या ऊरच्या दोन कवट्यांचं सीटी स्कॅन झालं. एक पुरुषाची, एक बाईची. त्याबद्दलचा शोधनिबंध २०११मध्ये आला. दोघांच्याही डोक्यावर टोकदार हत्याराचे घाव होते. विष नव्हे. शिवाय प्रेतं कुजू नयेत म्हणून त्यांना धग दिलेली, पारा लावलेला. म्हणजे आधी मारलं आणि मग ओळीने मांडलं, असं संशोधकांचं म्हणणं. कवट्या दोनच, हे मला कळतं. सगळ्या ७४ जणांबद्दल त्यावरून छातीठोकपणे बोलता येणार नाही. पण मी तर पुरावा शून्य असताना तीस वर्षं छातीठोकपणेच बोलत होते.

म्युझियममध्ये काचेमागे त्या दासींपैकी एकीचा शिरोभूषणाचा साज मांडला आहे. सोन्याची पानं दिव्यात लखलखत होती, लोक वाकवाकून फोटो काढत होते. मीही आधी सोनंच बघितलं. मग रिबीन आठवली. त्यांना मेल्यावर नटवलं असेल तर त्या मुलीला उशीर झालाच नसेल. एवढ्या सगळ्यांना सजवता सजवता कुणाचा तरी हात तिच्यापर्यंत पोचलाच नसेल. किंवा वूलींचंच खरंही असेल.

लेक म्हणाली, "आई, पाय दुखले का?" मी हो म्हटलं.

आमच्या शाळेतली त्या वर्षांची कुणी हे वाचत असेल आणि मागच्या बाकावरून उठून तो प्रश्न विचारल्याचं तिला आठवत असेल, तर इथे खाली दोन ओळी लिही गं. तुझं उत्तर द्यायचं राहिलंय.