साथीच्या दिवसांतले सरकार

वाशीम जिल्ह्यातील शिरपूर जैन हे गाव सर्वदूर ओळखले जाते ते अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे. देशाच्या कानाकोपऱ्यातून यात्रेकरू येथे येतात. जेथे माणसे जमतात तेथे पुण्याबरोबर रोगही जमतो, हे आपल्या वाडवडिलांना चांगले ठाऊक होते. पटकी आली की मरीआईचा गाडा वेशीबाहेर न्यायचा, प्लेगचे उंदीर पडू लागले की गाव सोडून शिवारात झोपड्या बांधायच्या, हा त्यांचा आपला बंदोबस्त. पण अशा वेळी सरकार काय करीत असे? आणि मुळात, गावच्या दृष्टीने सरकार म्हणजे कोण?

उत्तर शोधायला प्रथम पुण्यास गेले पाहिजे. १८९६ साली मुंबईत प्लेग उतरला आणि लवकरच पुण्यात पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. कायदा अवघ्या चार कलमांचा. पण त्याने सरकारच्या हाती घरझडतीपासून प्रवासबंदीपर्यंत सारे काही दिले, आणि शेवटच्या कलमाने अधिकाऱ्यावर दावा लावण्याची वाटही बंद केली. पुण्यात रँडसाहेबांनी गोरे सोजीर घराघरांत घुसवले. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, ही कथा सर्वश्रुत आहे. पण त्याच वर्षी, त्याच रोगात, यशवंतराव फुल्यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करीत होत्या. तीत त्यांनाच लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. एकीकडे रोग्याला धाकाने शोधून काढणारे सरकार, दुसरीकडे त्याला मायेने जवळ करणारी एक बाई. साथीच्या कारभाराचा सारा धडा या दोन चित्रांत आहे.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येऊ. १९०५ साली वाशीम जिल्हा मोडून हा भाग अकोल्यात घातला गेला होता. म्हणजे १९१८ मध्ये मानमोडीचा ताप आला, तेव्हा शिरपूरचे सरकार दूर अकोल्यास, डिप्टी कमिशनरच्या कचेरीत बसलेले होते. महायुद्धामुळे अनेक डॉक्टर लढाईवर. त्यातच पाऊस रुसलेला आणि धान्य महागलेले. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या लाटेत घरेच्या घरे अंथरुणाला खिळली. मध्यप्रांत-वऱ्हाड हा हिंदुस्थानातल्या सर्वाधिक होरपळलेल्या मुलुखांपैकी एक ठरला.

त्या वेळी सरकारचे डोळे कोण होते? गावचा पाटील आणि त्याचा कोतवाल! कोण जन्मले, कोण मेले, हे वर कळवायचे ते त्यांनी. परंतु मरणाचे कारण सांगायला वैद्य कुठून यायचा? बहुतेक मृत्यूंपुढे ‘ताप’ एवढेच लिहिले गेले. देशभर बळी किती, याचा सरकारी अंदाज आरंभी ६० लाखांचा होता. १९२१ ची जनगणना झाल्यावर तो सव्वा कोटीच्या घरात गेला. आजच्या महाराष्ट्राच्या मुलखात १९११ साली सुमारे २ कोटी १५ लाख माणसे होती, ती दहा वर्षांनी २ कोटी ८ लाखांवर आली. वाढायची ती लोकसंख्या घटली! ज्या गावची वही कच्ची, त्या गावचे दुःख सरकारपर्यंत पोचतच नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटू लागले. वऱ्हाडात काही काळ जनपद सभांनी कारभार पाहिला. पुढे शेजारच्या पुसदचे वसंतराव नाईक यांच्या समितीच्या शिफारशींवरून कायदा होऊन १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या. कायदा व सुव्यवस्था जिल्हाधिकाऱ्याकडे राहिली, पण ग्रामीण भागातला दवाखाना, लस टोचणे, पिण्याचे पाणी हे लोकांनी निवडलेल्या मंडळीकडे आले. साधारण ३० हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५ हजारांना एक उपकेंद्र, अशी मांडणी पुढे रूढ झाली. दारोदार फिरणाऱ्या देवी डॉक्टरांच्या कष्टाला फळ आले आणि १९७५ नंतर देवीचा रोगी देशात उरला नाही. वाशीम जिल्हाही १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र झाला आणि शिरपूरकरांचे सरकार जवळ आले.

मग २०२० चा मार्च उजाडला. कोरोनासाठी राज्याने कपाटातून काढला तो तोच १८९७ चा कायदा! जिल्हाधिकाऱ्यांचे हुकूम निघाले, बाजार, यात्रा, मंदिरे बंद झाली, मुंबई-पुण्याहून परतणाऱ्यांसाठी गावोगावच्या शाळा उघडल्या गेल्या. पण या वेळी उंबरठ्यावर सोजीर नव्हता. वही घेऊन उभी होती ती गावातलीच आशाताई. कुणाच्या घरी म्हातारे माणूस आहे, कुणाची सून गरोदर आहे, हे तिला आधीच माहीत. तरीही काही ठिकाणी आरोग्यसेवकांवर हात उगारला गेला, तेव्हा २२ एप्रिल २०२० च्या वटहुकुमाने जुन्या कायद्यात त्यांच्या रक्षणाची तरतूद घालावी लागली. साहेबाला दाव्यापासून वाचवणारा कायदा सव्वाशे वर्षांनी परिचारिकेला मारापासून वाचवू लागला, ही प्रगती खरी. पण ती करावी लागली, यात आपल्याला खाली मान घालायला लावणारेही काही आहे.

हुकूम मुंबईहून निघो वा वाशीमहून, तो अखेर एका उंबरठ्याशी येऊन थांबतो. दार उघडायचे की लावून घ्यायचे, हे आतल्या माणसाच्या मनावर असते, आणि ते मन साथ आल्यावर तयार करता येत नाही. त्यासाठी उपकेंद्राचे दार एरवीही उघडे हवे, जन्ममृत्यूची वही एरवीही खरी हवी, आणि वही घेऊन येणाऱ्या बाईला एरवीही घोटभर पाणी विचारायला हवे. मराठीत रोगाच्या फैलावालाही साथ म्हणतात आणि सोबतीलाही साथच म्हणतात. पहिली केव्हा येईल ते आपल्या हाती नाही. दुसरी मात्र आहे.