गव्हाच्या पिठात मिसळलेलं विष : १९५८ ची आठवण

गव्हावर मावा पडला की फवारणी करतो, वर्षाचा गहू कोठीत भरताना गोळी टाकतो. या कीटकनाशकांना आपण सरसकट 'औषध' म्हणतो. हे 'औषध' अन्नात मिसळलं तर काय होतं, ते आपल्या देशाने १९५८ साली पाहिलं.

त्या वर्षी उन्हाळ्यात केरळमध्ये एकाएकी अनेक जणांना विषबाधा झाली. शंभराहून अधिक माणसं दगावली. चौकशीत कारण कळलं. जहाजातून अन्नधान्याबरोबरच 'फॉलिडॉल', म्हणजे पॅराथिऑन हे कीटकनाशकही आलं होतं. ते गळून गव्हाच्या पिठाच्या पोत्यांत मुरलं आणि ते पीठ लोकांच्या पोटात गेलं.

कीड मारणारं विष माणसाला का मारतं?

आपल्या नसांमधून संदेश नेणारं ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन काम झाल्यावर लगेच नष्ट व्हावं लागतं. ते नष्ट करणारं एन्झाइम पॅराथिऑन बंद पाडतं. किडीतही आणि माणसातही हीच यंत्रणा असते. मग घाम, लाळ, उलट्या सुरू होतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि शेवटी श्वास थांबतो. ॲट्रोपीनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर रुग्ण वाचू शकतो.

त्यातून काय बदललं?

या घटनेनंतर चौकशी आयोग नेमला गेला. पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम आले. कीटकनाशकाचा अन्नाशी किंवा पशुखाद्याशी थेट संपर्क येईल अशी वाहतूक किंवा साठवण करायची नाही, हे नियमातच लिहिलं गेलं. डब्यावरचा रंगीत त्रिकोणही या नियमांतलाच आहे : लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा.

तुम्ही काय कराल?

• मावा दिसला म्हणून लगेच फवारू नका. ढालकिडे मावा खातात. कीड नुकसानीच्या पातळीवर गेली तरच, कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने फवारा.
• लेबलवरचं प्रमाण पाळा. फवारणी आणि काढणी यांत सांगितलेले दिवस जाऊ द्या.
• फवारताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.
• कीटकनाशक मूळ डब्यातच, कुलपात ठेवा. पाण्याच्या बाटलीत कधीही ओतू नका.
• ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरच्या कोठीत टाकू नका. त्यांतून निघणाऱ्या फॉस्फीन वायूवर उतारा नाही. गहू कडक उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या कोठीत भरा.
• विषबाधेची शंका आली तर कपडे काढून अंग साबणाने धुवा, उलटी करवू नका आणि डबा किंवा लेबल घेऊन ताबडतोब दवाखान्यात या.

लेबल दाखवलंत, तर योग्य उपचार लवकर सुरू करता येतात.