नियोगी समिती, वाशिमचा मिशन दवाखाना आणि 1956 साल

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. शेवटी एक विनंती आहे.

फेब्रुवारी 2025 मध्ये आपल्या राज्य सरकारनं सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायदा कसा करता येईल ते बघायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. तेव्हाच्या टीव्हीवरच्या चर्चा ऐकल्या तर वाटावं, अशी चौकशी पहिल्यांदाच होतेय. तसं नाही. आपल्या वऱ्हाडात ती सत्तर वर्षांपूर्वी होऊन गेली. आणि तिचा शेवट असा झाला की कुणी कादंबरीत लिहिला असता तर आपण म्हटलं असतं, काहीही हं!

साल 1954. आपण तेव्हा मध्य प्रदेशात. राजधानी नागपूर, मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल. वाशिमचा जिल्हा 1905 मध्येच मोडला होता, त्यामुळे आपण अकोला जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. (जिल्हा परत मिळाला तो 1 जुलै 1998 ला, हे नव्या पोरांना सांगावं लागतं.) सरगुजा, रायगड या आदिवासी भागांतून सरकारकडे तक्रारी जात होत्या की परदेशी मिशनरी पैसा, शाळा आणि दवाखान्याच्या जोरावर लोकांना ख्रिस्ती करतात. मिशनऱ्यांची उलट तक्रार होती की सरकारी अधिकारीच आम्हाला आणि आमच्या माणसांना त्रास देतात. शेवटी 14 एप्रिल 1954 ला सरकारनं चौकशी समिती नेमली. अध्यक्ष, नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती डॉ. भवानीशंकर नियोगी. म्हणून नाव पडलं नियोगी समिती.

त्या वेळचं जग नजरेसमोर आणल्याशिवाय हे कळत नाही. चीनमध्ये माओची सत्ता आल्यावर परदेशी मिशनऱ्यांना बाहेर काढलं गेलं होतं. अमेरिका आणि रशियाचं शीतयुद्ध पेटलेलं. मे 1954 मध्ये अमेरिकेनं पाकिस्तानला लष्करी मदत द्यायचा करार केला. गोव्यात पोर्तुगीज अजून बसलेलेच. अशा वेळी खेड्यात एखादा गोरा माणूस बायबल घेऊन फिरताना दिसला, की तो देवाचा माणूस का अमेरिकेचा, ही शंका येणारच. शंका काही हवेतून आली नव्हती. पण तिचा भार कुणावर पडला? त्या गोऱ्या साहेबावर कमी, आणि पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेल्या, वऱ्हाडीच बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसावर जास्त. साहेबाला फार तर परतीचं तिकीट काढावं लागलं असतं. याला कुठं जायचं होतं?

समिती 14 जिल्ह्यांत फिरली, त्यात आपले वऱ्हाडातलेही. 77 ठिकाणी थांबली, 11,360 माणसांना भेटली, 375 लेखी निवेदनं घेतली. 99 प्रश्नांची एक प्रश्नावली काढली. तिला 385 उत्तरं आली, त्यांतली ख्रिस्ती लोकांची फक्त 55. काही ख्रिस्ती मंडळी समितीच्या विरोधात नागपूर उच्च न्यायालयात गेली, पण न्यायालयानं समितीचं काम थांबवलं नाही.

आता वाशिमकडे येऊ. आपल्याकडचं मिशनचं काम आधी मेथडिस्ट पंथाचं, पुढे ते नाझरीन मिशनकडे आलं. 1936 मध्ये ऑर्फा स्पायचर नावाची एक अमेरिकन डॉक्टर बाई इथं आली. तिनं मुलींच्या बंद पडलेल्या मिशन शाळेच्या इमारतीत 1938 मध्ये दवाखाना सुरू केला. तोच आपला रेनॉल्ड्स मेमोरियल. नाव त्यांच्या चर्चमधल्या एका मोठ्या माणसाचं, पण गावाच्या तोंडी मिशन दवाखानाच. दवाखाना उघडला आणि पुढच्याच वर्षी दुसरं महायुद्ध सुरू झालं. त्यापाठोपाठ चले जाव, फाळणी, गांधीहत्या. एवढ्या उलथापालथीत ही बाई इथंच राहिली, एकूण चाळीसेक वर्षं. नर्सिंगचं शिक्षणही तिथं सुरू झालं. खेड्यातल्या किती बाळंतपणांची नोंद त्या रजिस्टरांत असेल, कोण जाणे.

आणि 1956 मध्ये नियोगी समितीच्या अहवालानं काय शिफारस करावी? धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे त्या परदेशी मिशनऱ्यांना परत जायला सांगावं, आणि वैद्यकीय सेवेचा धर्मांतराचं थेट साधन म्हणून वापर करण्यावर कायद्यानं बंदी घालावी.

हे वाक्य वाशिममध्ये बसून वाचलं की वेगळं लागतं. मिशनच्या दवाखान्यांत ऑपरेशनच्या आधी प्रार्थना करायची रीत होती, आजही अनेक ठिकाणी आहे. टेबलावर झोपलेला माणूस हिंदू असो का मुसलमान, डॉक्टर डोळे मिटून दोन वाक्यं बोलणार. याला सेवा म्हणायचं, श्रद्धा म्हणायची, की साधन? पेशंट घाबरलेला असतो, त्याच्यापुढे डॉक्टर म्हणजे देव असतो. म्हणजे समितीचा प्रश्न अगदीच फालतू नव्हता. संकटात सापडलेल्या माणसासमोर देवाचं नाव घेताना आपण त्याला आधार देतोय की त्याच्या लाचारीचा फायदा घेतोय, हे देणाऱ्यानंच पारखायला पाहिजे. प्रामाणिक ख्रिस्ती माणसाला हे टाळता येत नाही. दुष्काळात किती जणांचा बाप्तिस्मा झाला याचे आकडे अभिमानानं परदेशी देणगीदारांना कळवणाऱ्या मिशनऱ्यांनी तेव्हा ही पारख केली नव्हती, असं माझं मत आहे.

पण दुसरा हिशेबही मांडा. हा दवाखाना उघडून ऐंशीपेक्षा जास्त वर्षं झाली. जिल्ह्यात ख्रिस्ती लोक किती? एक टक्कासुद्धा नाहीत. दवाखाना हे धर्मांतराचं यंत्र असतं तर असलं बिनकामाचं यंत्र दुसरं सापडायचं नाही.

त्या समितीत एक ख्रिस्ती सदस्यही होते, हे फार कमी जणांना माहीत आहे. प्राध्यापक एस. के. जॉर्ज. मूळ केरळचे, वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजात शिकवायचे. पक्के गांधीवादी. 1932 मध्ये गांधीजींच्या सत्याग्रहाला पाठिंबा देऊन त्यांनी कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजातली नोकरी सोडली होती. पुढे ख्रिस्ती धर्माला गांधींनी कोणतं आव्हान दिलं, यावर पुस्तक लिहिलं. हा माणूस आमचा प्रतिनिधी नाही, असं चर्चवाल्यांचं म्हणणं होतं. ते खरंही असेल, पण प्रतिनिधी नसलेल्याला श्रद्धाच नसते असं थोडंच आहे? एकीकडे मिशनरी संस्थांचा परदेशी पैसा त्यांना खटकत होता, दुसरीकडे ते स्वतः येशूला मानणारे. आपल्याच लोकांवर संशय घेतला जात असताना आपल्याच लोकांच्या चुका बोलून दाखवायच्या की गप्प बसायचं? हा पेच आज मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती, कुठल्याही अल्पसंख्य समाजातल्या विचारी माणसाला विचारा, तो सांगेल झोप कशी उडते ते. जॉर्ज बोलले. मला त्यांचं सगळं पटतं असं नाही, पण त्यांना फितूर म्हणायची माझी तयारी नाही.

अहवाल सरकारला मिळाला एप्रिल 1956 मध्ये. आता पुढे ऐका.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. त्या सोहळ्यात दीक्षा घेणाऱ्यांमध्ये एक निवृत्त मुख्य न्यायमूर्ती होते. नाव, भवानीशंकर नियोगी.

होय, तेच. ज्यांनी दोन वर्षं गावोगाव फिरून लोक धर्म का बदलतात याची चौकशी केली, त्यांनी अहवाल दिल्यावर सहा महिन्यांच्या आत स्वतःच धर्म बदलला. त्यांना कुणी पैसे दिले नव्हते. दवाखान्यात कुणी प्रार्थना म्हटली नव्हती. सत्तर वर्षांचा, कायदा कोळून प्यालेला माणूस, स्वतःच्या बुद्धीनं गेला. आणि मनात येतं, सरगुज्यातल्या एखाद्या अडाणी उराँव बाईच्या बाबतीत आपण हे मानायला का तयार नसतो? तिला बुद्धी नसते? फसवलं गेलंय हे गरिबाच्या बाबतीत आधीच ठरलेलं, आणि विचारपूर्वक निर्णय मोठ्या माणसाचा. मला नियोगींचा निर्णय चुकीचा वाटत नाही. फक्त तोच न्याय सगळ्यांना लावा.

आपल्या मराठी संविधानात कलम 25 मध्ये एक शब्द आहे, सद्सद्विवेकबुद्धी. तिचं स्वातंत्र्य प्रत्येक व्यक्तीला दिलंय, शिकलेल्याला वेगळं आणि न शिकलेल्याला वेगळं असं नाही.

ती पारख करायला किती वेळ लागतो याचं मराठीतलं मोठं उदाहरण म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळक. राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला. टिळकांनी तो लगेच मानला नाही. वाचत राहिले, स्वतःशी भांडत राहिले, आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घर तुटलं. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पण ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना माहीत असेल, या बाईनं नवऱ्याच्या मागं मुकाट्यानं जाऊन धर्म बदलला नाही. आधी सोवळं-ओवळं, जातीचा भेद स्वतःच्या डोक्यानं सोडला, मग 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. आणि टिळक? त्यांनी शेवटी, 1917 मध्ये, मिशनची पगारी नोकरीही सोडली. बाहेरच्यांचा छळ सोसला आणि आतल्यांची मिंधेगिरीही नाकारली.

1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नियोगी अहवाल मध्य प्रदेशच्या कपाटात. तिकडे 1968 मध्ये धर्मस्वातंत्र्य कायदा झाला, 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केला. धर्माचा प्रसार करण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे एका सीमारेषेमुळे आपण त्या कायद्यातून सुटलो. एका कागदातून मात्र कुणी सुटलं नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला. नवबौद्धांना केंद्राकडून तो मिळायला 1990 उजाडलं. ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. काठी न मारताही छळ होतो, तहसील कार्यालयातल्या एका दाखल्यानं होतो.

तेव्हाचा जुना मध्य प्रदेश आणि आजचं छत्तीसगड, जागा तीच. 25 जुलै 2025 ला दुर्ग रेल्वे स्टेशनवर केरळच्या दोन ननांना धर्मांतर आणि मानवी तस्करीच्या आरोपाखाली अटक झाली. सोबतच्या मुली आपल्या मर्जीनं कामाला निघाल्या होत्या, असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं. आठवडाभरानं, 2 ऑगस्टला जामीन मिळाला. नागपूरकडून जाताना दुर्गच्या जरा अलीकडे राजनांदगाव लागतं, म्हणजे टिळकांच्या हातात पुस्तक पडलं ती हीच लाईन.

पत्रकार म्हणून मलाही फोन येतात. ‘भाऊ, अमक्या वस्तीवर धर्मांतर चालू आहे, कॅमेरा घेऊन या.’ एकदा गेलो. टिनाच्या खोलीत पंधराएक माणसं, बहुतेक बाया. एका पोराचा ताप उतरत नव्हता, त्याच्यासाठी प्रार्थना चालू होती. खिडकीतून बाहेरचे लोक मोबाईलवर शूटिंग करत होते. आतल्या म्हातारीला विचारलं, भीती नाही वाटत? ती म्हणाली, ‘वाटते ना बापा. म्हणून तं दार लावून घेत न्हाई. लावलं का म्हनतात, आत काहीतरी करून राह्यले.’ पोराला दवाखान्यात नेलं का, हेही विचारलं, कारण औषध बंद करा म्हणणारे भोंदू प्रार्थनावाले मी पाहिलेत आणि त्यांच्याविरुद्ध लिहिलंयही. नेलं होतं, गोळ्या चालू होत्या. मी बातमी केली नाही. करण्यासारखी बातमी नव्हतीच.

आता विनंती. नियोगी समिती आपल्या भागात फिरली तेव्हा कुणाच्या आजोबा-आजीनं तिच्यापुढे काही सांगितलं असेल, ख्रिस्ती असो की हिंदू, बाजूनं असो की विरोधात, तर मला इनबॉक्समध्ये कळवा. डॉ. स्पायचरच्या काळात मिशन दवाखान्यात काम केलेल्या जुन्या नर्स, कंपाउंडर यांची माणसं असतील तर त्यांनीही. फोटो असेल तर उत्तम. ही माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत.